देवभाताचे उपकार

ऋषिपंचमीच्या दिवशीं आपल्या घरांतून बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य मानतात. त्या दिवशीं चालणाऱ्या धान्यांत देवभाताची गणना आहे. न नांगरतां, न पेरतां पाणथळ जागीं आपोआप उगवणारें हें रानटी भात. संस्कृतांत यालाच नीवार म्हणतात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताला तपोवनाची जी ओळख पटते, तिच्या खुणांत झाडांखालीं सांडलेला नीवारही आहे. हें मुनींचें अन्न आजच्या संसारी माणसाच्या ताटाला कसें उपयोगीं पडलें, ती हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

पिकावरील रोग ही एकट्या शेतकऱ्याची चिंता, असें शहरांत राहणारांस वाटतें. परंतु १९४२ सालीं बंगालमध्यें भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला. त्यांत वादळ, युद्ध, भाववाढ आणि सरकारची अनास्था यांची भर पडली, आणि १९४३ च्या दुष्काळांत लाखों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर १९४६ सालीं कटक येथें भाताची मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली.

पुढें १९६० सालीं फिलिपाईन्समध्यें लोस बान्योस येथें आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिचा ‘आय. आर. ८’ हा बुटका, भरघोस उत्पन्नाचा वाण १९६६ सालीं बाहेर पडला. आशियांतील कोठारें भरूं लागलीं. पण शेतोशेत एकाच घडणीचें भात वर्षांतून दोनदां उभें राहूं लागल्यानें तपकिरी तुडतुड्यांस अखंड मेजवानी मिळाली. हे तुडतुडे रस तर शोषतातच, शिवाय एका विषाणूचा प्रसारही करितात. तो लागला म्हणजे रोप खुजें राहतें, त्याला गवतासारखे असंख्य फुटवे येतात, आणि लोंबी मात्र धरत नाहीं. या विषाणूवर औषध नाहीं. रोपाच्या अंगींच प्रतिकारशक्ति असेल तर निभाव लागतो.

ती शोधण्यासाठीं १९७० च्या आसपास संस्थेनें सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत उपयोगी ठरला तो एकच, उत्तर प्रदेशांतून आणलेला नीवार! शास्त्रज्ञांनीं या जातीचें लॅटिन नांवही ‘ओरायझा निव्हारा’ असेंच ठेविलें आहे.

नीवार शेतांत लावून मात्र भागण्यासारखें नव्हतें. त्याचा दाणा थोडा, आणि तोही पिकतांच गळून पडणारा. म्हणून डॉ. गुरुदेवसिंग खुश आणि त्यांचे सहकारी यांनीं संकराचा मार्ग धरला. भाताचें फूल स्वतःच्याच परागानें फळतें. तें उमलण्यापूर्वीं टरफलाचा शेंडा कापून आंतील सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात, आणि मग दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर झटकावा लागतो. झालेल्या संततींतून रोगास न जुमानणारीं रोपें निवडावीं, त्यांचा सुधारलेल्या वाणांशीं पुनः संकर करावा, असें पिढ्यान् पिढ्या केल्यावर रानटी दोष नाहींसे होतात आणि हवा तो गुण उरतो. अशा प्रयत्नांतून १९७६ सालीं ‘आय. आर. ३६’ हा वाण निघाला. तो सुमारें ११० दिवसांत तयार होई, आणि १९८० नंतरच्या दशकांत तो १ कोटी १० लाख हेक्टरांच्या घरांत पसरला होता.

तथापि हा विजय कायमचा नसतो. तुडतुड्यांस दाद न देणारा म्हणून ‘आय. आर. २६’ हा वाण १९७३ सालीं दिला गेला. थोड्याच वर्षांत त्यालाही पुरून उरणारे तुडतुडे निपजले. रोग बदलत राहणार, आणि आपल्याला नवा गुण शोधावा लागणार. तो शोधावयाचा कोठें? जुन्या वाणांत आणि रानटी भातांतच. लोस बान्योस येथें आज १ लाख ३० हजारांहून अधिक नमुने शीतगृहांत जपून ठेविले आहेत. परंतु तळीं बुजविलीं, पाणथळ जमिनी भरून काढल्या, म्हणजे तेथील देवभात संग्रहांत येण्यापूर्वींच नष्ट होतें. आणि गेलेलें बीज कोणत्याही प्रयोगशाळेला पुनः निर्माण करतां येत नाहीं.

ज्या कुटुंबांची कोंकणांत वडिलोपार्जित शेती आहे, त्यांनीं एवढें अवश्य करावें: घरचें जुनें बियाणें कमी पिकतें म्हणून टाकून देण्यापूर्वीं त्यांतलें मूठभर कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडे पोंचतें करावें. आज निरुपयोगी दिसणाऱ्या त्या मुठींत नातवंडांच्या काळच्या एखाद्या रोगाचा उतारा असूं शकेल.