खड्ड्याचा न्याय

खेळातला शत्रू म्हटला की अंगावर धावून येणारा राक्षस डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु व्हिडिओ खेळांच्या ज्या प्रकाराला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात, म्हणजे उंचसखल फळ्यांवरून उड्या मारीत पुढे जावयाचे, त्यात खरा वैरी असते ती पायाखालची जमीन. खड्डा कोणाच्या मागे लागत नाही. तो जागच्या जागी असतो. चुकते ती आपली उडी. मग असा खड्डा न्यायाने कसा खणावा?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. १९८१ चा ‘डाँकी काँग’ नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर खेळत. गडी लवकर मेला की मालकाला नवे नाणे. पण फसवून मारलेला गडी पुन्हा खिशात हात घालील कशाला?

जपानच्या निन्टेंडो कंपनीचा १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पाहा. पहिल्याच टप्प्याच्या उत्तरार्धात दोन जिने समोरासमोर येतात. एक चढावयाचा, मधली फट ओलांडून दुसऱ्यावर जावयाचे. या फटीला तळ आहे. पडलात तर उडी मारून वर येता येते. थोडे पुढे पुन्हा तसेच जिने, पण तळ नाही. पडला तो गेला! शिकवणी आधी, परीक्षा मागाहून, आणि सूचनेचा एक शब्दही पडद्यावर नाही. मला तर ही उत्तम मास्तरकी वाटते.

डेव्हिड क्रेन यांच्या ‘पिटफॉल’मध्ये (१९८२) डबक्यातल्या मगरी ठरल्या ठेक्याने जबडा उघडतात नि मिटतात. मिटला असेल तेव्हा डोक्यावर पाय देऊन पार व्हावे. वीस मिनिटांत बत्तीस ठेवी शोधावयाच्या असल्याने दम धरणेही महागच पडते. १९९१ च्या ‘सॉनिक’मध्ये पाण्याखाली श्वास संपत आला की संगीत बदलते आणि पाचापासून उलटे आकडे दिसू लागतात. मृत्यू येतो, पण दार वाजवून येतो.

मारिओचा १९८६ चा दुसरा भाग मात्र कठोर. त्यात वारा उडी भलतीकडे नेतो. वाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पाने उडताना दिसतात. पण बळ देणाऱ्या अळंबीसारखीच दिसणारी विषारी अळंबी, आणि पुढे नेण्याऐवजी मागे नेऊन सोडणारा गुप्त मार्ग, हा विश्वासघात होय. कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने तो फार अवघड ठरवून तेथे विकलाच नाही. १९९३ साली एका संग्रहातून, वेगळ्या नावाने, तो तेथल्या मुलांच्या हाती पडला.