गोल भोकाला चौकोनी सूट

रीडिंग स्टेशनजवळच्या व्हिन्सेंट्स गॅरेजमध्ये दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांचं काम चाले. सप्टेंबर १९४० मध्ये साउथॅम्प्टनचे कारखाने बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि उत्पादन सॉल्झबरी, ट्रोब्रिज, रीडिंग अशा गावांत विखुरलं गेलं. एका गावचा भाग दुसऱ्या गावच्या भागाला बसायलाच हवा, आणि ते बनवणारे हात तर एकमेकांना भेटणार नाहीत. अशा वेळी ड्रॉइंगनेच सगळं सांगायचं असतं.

त्याच काळात स्कॉटलंडमधल्या रॉयल टॉर्पेडो फॅक्टरीतले स्टॅन्ली पार्कर ड्रॉइंगच्या याच भाषेचा विचार करत होते. भूमितीय टॉलरन्सचं श्रेय सहसा त्यांना दिलं जातं. त्यांचा मुद्दा आजही रोज चुकतो, म्हणून तो आधी पाहू.

समजा, भोकाचं केंद्र आडवं आणि उभं ±०.१ मिमी सरकलं तर चालेल, असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे तुम्ही ०.२ मिमी बाजूच्या चौकोनाची सूट दिलीत. कोपऱ्याकडे केंद्र ०.१४ मिमी सरकलं तरी भाग पास, पण सरळ आडवं ०.१२ मिमी सरकलं की नापास! बोल्ट तर गोल. त्याला कोपरा काय आणि कड काय, सारखंच. कोपरा चालत असेल, तर त्या कोपऱ्यांतून जाणारं, सुमारे ०.२८३ मिमी व्यासाचं अख्खं वर्तुळ चालायला हवं. त्याचं क्षेत्रफळ चौकोनापेक्षा ५७ टक्के जास्त आहे. म्हणजे चौकोनामुळे चांगला माल भंगारात जातो.

दुसरी चूक: स्थान-टॉलरन्स देताना आकड्याआधीचं व्यासाचं चिन्ह विसरणं. मग सूट गोल राहत नाही. दोन समांतर प्रतलांमधली पट्टी होते, आणि दुसऱ्या दिशेला बंधनच उरत नाही.

तिसरी चूक डेटमच्या क्रमाची. फ्लँज आधी सपाट तोंडावर टेकतो, मग मधल्या बोअरने केंद्रात येतो. म्हणून तोंड पहिला डेटम, बोअर दुसरा. उलट लिहिलंत, तर तपासनीस आधी बोअर पकडेल, आणि बोअर जरा कलता असेल तर तोच फ्लँज वेगळं माप दाखवेल.

चौथी चूक सर्वांत महाग पडू शकते: कोणतं मानक, हे न लिहिणं. शाफ्टचा व्यास १९.९८ ते २०.०० मिमी आहे. अमेरिकी एएसएमई पद्धतीत तो २० मिमीच्या अचूक सरळ नळीत मावलाच पाहिजे. आयएसओ पद्धतीत मात्र, वेगळं काही लिहिलं नसेल तर, शाफ्ट किंचित वाकलेला असला तरी ठिकठिकाणचा व्यास बरोबर भरला की पास.

ड्रॉइंग रीडिंगला आणि लेथ चाकणला असेल, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतील, फक्त शाफ्ट बसणार नाही. पुढचं ड्रॉइंग पाठवण्याआधी शीर्षकाच्या चौकटीत मानकाचं नाव आहे ना, एवढं नक्की पाहा.