कोंबड्या टूरवर, सीताफळ घरी!

'सगळं सोडून गावी जावं यार! चार कोंबड्या पाळाव्यात, चार झाडं लावावीत, मस्त लाइफ!' बाल्कनीत चहा पिताना तुम्हालाही असं कधीतरी वाटलंच असेल. अप्रेझलनंतर तर हमखास! आयडिया झकास आहे. फक्त स्वप्नातल्या कोंबड्यांना आणि झाडांना वेळापत्रक नसतं. बीड जिल्ह्यात ते असतं, आणि ठरवतात ते दूरचे साखर कारखाने.

आधी झाडाबद्दल. बीडच्या बालाघाट डोंगररांगांत, धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला, सीताफळ लावावं लागतंच असं नाही. ते बांधावर, उकिरड्याशेजारी, परसात आपसूक उगवतं. मुरमाड जमीन चालते, पाणी जेमतेम लागतं, शेळ्या पानाला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात तर हा पठ्ठ्या पानं गाळून चक्क झोपा काढतो! दुष्काळी भागात याहून शहाणं झाड कोणतं? अंबाजोगाईला सीताफळाचं खास संशोधन केंद्र आहे, 'धारूर-६' हा वाण तिथलाच. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे ब्रँडिंग एकदम टॉप.

लोचा पुढे आहे. पाऊस पडला की झाड फुलतं आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये फळांचे 'डोळे' उघडतात, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा रुंद होऊन पांढुरक्या-पिवळसर दिसू लागतात. उतरवलेलं फळ तीन-चार दिवसांत मऊ होतं, मग थांबत नाही. आणि नेमकं याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना तिथे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. निरोप आला की निघायचं, सीताफळ पिकायची वाट बघत बसायचं नाही.

मग फळं कोण खातं? घरी राहिलेले आजी-आजोबा, शाळेची पोरं, पाखरं आणि वानरं. काहीजण निघण्याआधी कच्चीच उतरवून येईल त्या भावात विकून टाकतात. वर्षभर झाड राखलं त्याच्या वाट्याला कधी चार फळं, कधी तीही नाहीत.

कोंबडीचं तसं नाही. ती सोबत जाते! ट्रॅक्टर-ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, पोरं आणि डालग्यात कोंबड्या, हे दृश्य त्या दिवसांत मराठवाड्याच्या रस्त्यावर दिसतंच. फडाजवळच्या कोपीपुढे त्या बिनधास्त दाणे टिपतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात जाते, पण तिला कोपीत ठेवून बघा! गावरान अंडं पोराच्या पोटात जातं, अडीनडीला कोंबडीही विकता येते. मुक्कामी बँक म्हणा ना.

बँकेलाही टेन्शन असतंच. ऐन निघायच्या आठवड्यात कोंबडी खुडूक बसली, की झाला घोळ. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात आणि ट्रक २१ मिनिटंही थांबत नाही. मग अंड्यांसकट ती जावेकडे किंवा शेजारणीकडे. पुढे पिल्लांची वाटणी हा स्वतंत्र सिरियलचा विषय!

खरी धास्ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. एकदा शिरला की रात्रीतून खुराडं रिकामं. लस आहे, पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पण बाटली येते शे-दोनशे पक्ष्यांची, ती थंड ठेवायची आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवायची. पाच कोंबड्यांवाली बाई हे एकटी कसं जमवणार? गल्लीतल्या सगळ्या जणी एकत्र आल्या तर जमतं. सहा महिने मुक्काम बदलत राहिलं, चार गावच्या कोंबड्या एका तळावर आल्या, की तेही बोंबलतं. जानेवारी २०२१ मध्ये तर शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, बीडमधल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. परसातल्या पाच कोंबड्यांच्या मालकिणीनेही तेव्हा श्वास रोखून धरला असणार.

बाकी कोंबडी आणि झाडाची जोडी तशी छान. ती पडलेली किडकी फळं, अळ्या साफ करते. पण रोपाचं आळं उकरून मुळंही उघडी पाडते, म्हणून बुंध्याभोवती दगड रचायचे. तिची ताजी विष्ठा थेट मुळाशी नको, रोप जळतं. आधी उकिरड्यात नीट कुजू द्यायची.

मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात. कोंबड्या उतरतात, अंगण पुन्हा उकरायला घेतात. सीताफळ तेव्हा बोडकं उभं असतं.

आता येत्या ऑक्टोबरमध्ये मार्केट यार्डात गेलात तर डोळे उघडलेलं फळ घ्या. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं. तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत तयार. बिया चावायच्या नाहीत, आणि बिया कुटलेला हात डोळ्याला तर अजिबात लावू नका, भयंकर झोंबतो. आणि भाव करताना जरा हात आखडता घ्या. त्या टोपलीतलं एखादं फळ निघायच्या घाईत उतरवलेलं असू शकतं.