मोडीत निघालेला संगणक, मागे राहिलेली माहिती

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मराठवाड्यातील सरकारी कचेऱ्यांत संगणकाचा शिरकाव नुकता कोठे होऊ लागला होता. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याचे प्रशासकीय वय आणि कचेरीच्या टेबलावरील संगणकाचे वय जवळजवळ सारखेच म्हणावे लागेल. निजामी अमदानीतील व त्यानंतरचे कागद रुमालांत बांधून अभिलेख कक्षात ठेवले जात आले. गेल्या पाव शतकातील पुष्कळसा कारभार मात्र यंत्राच्या पोटात गेला. रुमालाचे काय करावयाचे हे कारकुनाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अ वर्गाचे कागद कायमचे, ब वर्गाचे तीस वर्षे, क वर्गाचे दहा वर्षे आणि ड वर्गाचे एक वर्ष जतन करावयाचे, हा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. यंत्र जुने झाले म्हणजे त्याच्या पोटातील कागदांचे काय करावयाचे, याचा असा हिशेब कोणीही त्याच्या हाती दिलेला नाही.

जुन्या संगणकाची कचेरीतील अखेर सर्वांच्या परिचयाची आहे. तो आधी कोपऱ्यातील टेबलावर जातो, मग कपाटामागे, मग अडगळीच्या खोलीत. वर्षा-दोन वर्षांनी निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, समितीच्या सह्या होतात, जडवस्तू नोंदवहीत ‘संगणक संच, नग अमुक’ या नोंदीवर आडवी रेघ पडते आणि लिलावात वजनावर किंवा नगावर माल भंगारवाल्याच्या गाडीत चढतो. पत्रा, तारा आणि प्लास्टिक यांची किंमत ठरते. त्या पत्र्याच्या डब्यातील तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर काय आहे, हे विचारण्यासाठी प्रस्तावाच्या नमुन्यात बहुधा रकानाच नसतो. शाळा, पतसंस्था, महाविद्यालये आणि मोंढ्यातील आडत दुकाने यांची रीत याहून वेगळी नाही. तेथे समितीच्या सह्याही लागत नाहीत इतकेच.

त्या डिस्कवर काय असते, याची कल्पना येण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरले गेले. गावोगावच्या महिलांनी आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि छायाचित्र यांच्या प्रती सेवा केंद्राच्या टेबलावर ठेवल्या, तेथे त्या स्कॅन झाल्या आणि मग शासनाच्या यंत्रणेकडे पाठविल्या गेल्या. त्याआधी २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे एक रुपयात पीकविमा होता. त्यासाठी सातबारा, आधार आणि खाते क्रमांक यांची तीच परिक्रमा झाली. पाठविलेली प्रत शासनाकडे पोहोचली. परंतु स्कॅन केलेली प्रत सेवा केंद्राच्या संगणकातही राहिली. शाळेच्या कार्यालयातील संगणकात विद्यार्थ्यांची जात, पालकांचे उत्पन्न आणि शिष्यवृत्तीची खाती असतात. हिंगोली-वसमतच्या हळदीच्या बाजारात आडत्याच्या संगणकात कोणाची किती पोती कोणत्या भावाने गेली आणि कोणाने किती उचल घेतली, हे सारे असते. दोन शेजाऱ्यांत एरवी कधीच उघड न होणारा हा तपशील आहे.

यावर जाणकार म्हणविणाऱ्यांचे ठरावीक उत्तर असते, की सर्व फाइली डिलीट केल्या आहेत. फार काळजी घेणारा असेल तर ‘फॉरमॅट मारला आहे’ असे सांगतो. येथेच घोटाळा आहे. अभिलेख कक्षाच्या दारात एक सूची टांगलेली असते. कोणता गठ्ठा कोणत्या फडताळात आहे हे तीवरून कळते. फाइल डिलीट करणे म्हणजे त्या सूचीतील एक ओळ खोडणे होय. गठ्ठा जागच्या जागी असतो. ती जागा आता नव्या कागदासाठी मोकळी समजावी, एवढीच नोंद होते. झटपट होणारा फॉरमॅट म्हणजे जुनी सूची फाडून कोरी सूची टांगणे. ज्याला सूचीवाचून फडताळे चाळण्याचा धीर आहे, त्याला सर्व गठ्ठे सापडतात. आणि हा धीर आज फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही असतो. मराठवाड्याच्या बाबतीत यात एक विलक्षण विपर्यास आहे. मोडी आणि फार्सी लिपीतील जुने दस्तऐवज डोळ्यांसमोर पडलेले असून वाचणारा मिळत नाही. उलट जे पुसले असे सर्वांना वाटते, ते मोडीत निघालेल्या संगणकातून कोणाही होतकरू मुलाला वाचता येते.

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या दोघांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्का बाजारातून विकत घेतल्या व त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. एक डिस्क तर पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रातून आलेली होती आणि खातेदारांचे क्रमांक व शिल्लक रकमा तिच्यावर तशाच होत्या. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये ब्रायटन आणि ससेक्स येथील रुग्णालय संस्थेला सव्वातीन लाख पौंडांचा दंड झाला. रुग्णांची माहिती असलेल्या तिच्या डिस्का लिलावाच्या संकेतस्थळावर विकल्या गेल्या होत्या. मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेने जुनी यंत्रे हलविण्याचे काम अशा वाहतूकदाराला दिले, की ज्याला माहिती नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. यंत्रे पुढे विकली गेली आणि तेथील नियामकांनी २०२० मध्ये सहा कोटी व २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. इतकेच काय, मोठ्या कचेऱ्यांतील झेरॉक्स यंत्रांतही डिस्क असते, हे २०१० मध्ये तेथील एका दूरचित्रवाणी संस्थेने जुनी यंत्रे विकत घेऊन दाखविले. एका आरोग्यविमा संस्थेची कागदपत्रे त्यांतून छापून निघाली.

वास्तविक पुसण्याचे काम अवघड नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर प्रत्येक जागी एकदा शून्ये लिहिली, म्हणजे जुना मजकूर बाजारातील कोणत्याही साधनाने परत मिळत नाही. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी तेव्हाच्या डिस्कांसाठी पस्तीस वेळा लिहिण्याची पद्धत सांगितली होती. त्या काळच्या अनेक प्रकारच्या यंत्रांना एकत्र धरून काढलेला तो आकडा होता. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही, तरीही तो मंत्रासारखा जपला जातो आणि पस्तीस वेळा कोण बसणार म्हणून एकदाही कोणी पुसत नाही. पाचशे जीबीच्या डिस्कला एका आवर्तनास सुमारे दीड-दोन तास लागतात आणि तेवढा वेळ माणसाने समोर बसून राहण्याचे कारण नाही. विंडोजच्या २००७ नंतरच्या आवृत्त्यांतील संपूर्ण फॉरमॅट, म्हणजे झटपट नव्हे तो, हेच काम करतो.

नव्या एसएसडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील पेशी झिजू नयेत म्हणून ती लिहिण्याची जागा स्वतःच बदलत असते. वरून शून्ये लिहिली तरी जुना मजकूर आतल्या राखीव जागेत शिल्लक राहू शकतो. तिला निर्मात्याने दिलेली आतली पुसण्याची आज्ञाच द्यावी लागते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे संगणक घेतला त्याच दिवशी डिस्क कूटबद्ध करणे. मग निरोप देताना किल्ली नष्ट केली की उरते ती निरर्थक अक्षरांची रास. डिस्क बंदच पडली असेल तर ती फोडणे हाच उपाय. लोहचुंबक फिरविला की झाले, हा समज घरगुती चुंबकाच्या बाबतीत खोटा आहे आणि एसएसडीच्या बाबतीत तर पूर्णपणे खोटा.

मग इतके सोपे काम होत का नाही? कर्मचाऱ्यांचे अज्ञान हे कारण सांगणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये जे विवेचन केले ते येथे तंतोतंत लागू पडते. कारखान्याच्या धुराचा खर्च मालकाच्या वहीत पडत नाही, तो शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसात पडतो; म्हणून मालक धूर कमी करण्याच्या भानगडीत पडत नाही. डिस्क पुसण्याचे श्रम कचेरीला पडतात आणि न पुसल्याचे नुकसान सेनगाव तालुक्यातील एखाद्या अर्जदार बाईला सोसावे लागते. तिच्या आधारच्या प्रतीचा कोणी गैरवापर केला, तर तो कागद कोणत्या भंगारातून निघाला हे तिला जन्मात कळणार नाही. ज्याचे नुकसान त्याला कारण ठाऊक नाही, आणि ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याला नुकसान ठाऊक नाही. अशा व्यवहारात बाजार आपोआप काही सुधारत नसतो.

कायद्याने हा तोल सावरावयास हवा होता. त्याने तो आणखी बिघडविला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये सार्वजनिक अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही येते. कारकुनाला हे चांगले ठाऊक असते. पुसले तर कैदेची भीती आणि न पुसता विकले तर कोणी विचारणारा नाही, अशा स्थितीत तो काय करील हे सांगावयास नको. त्याच्या जागी कोणीही शहाणा माणूस तेच करील.

कैदेची ती तरतूद अनाठायी आहे, असे मात्र कोणी मराठवाड्यात तरी म्हणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांचा शोध सुरू झाला. शंभर वर्षांपूर्वी कोणा गावकामगाराने सहज लिहिलेला एक शब्द आजच्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाला कारणीभूत ठरू शकतो, हे तेव्हा साऱ्यांना कळले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत किती कागद गेले याची हळहळही अजून ओसरलेली नाही. आणि पुसण्याची सोय गैरव्यवहार लपविण्याच्या कामी येते, हा आक्षेपही खरा आहे. परंतु या सर्व उदाहरणांत मोल आहे ते अभिलेखाचे, म्हणजे नोंद करून, वर्ग ठरवून, कोणाच्या तरी ताब्यात ठेवलेल्या कागदाचे. टेबलावरील संगणकात राहिलेली स्कॅनची प्रत हा अभिलेख नव्हे; मूळ नोंद शासनाच्या मुख्य यंत्रणेत असताना ती निव्वळ उष्टी प्रत आहे. भंगारवाल्याच्या गाडीत गेल्याने ती जतनही होत नाही आणि नष्टही होत नाही. पुढच्या शतकातील संशोधकाला ती मिळणार नाही, उद्याच्या भामट्याला मात्र मिळेल.

केंद्राचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. उद्देश संपला की माहिती पुसून टाकावी, असे त्याचे कलम ८ सांगते. कलम १७ मात्र पुसण्याच्या या कर्तव्यातून राज्यसंस्थेला वगळते. म्हणजे आडत्याने हळद उत्पादकाची माहिती पुसली पाहिजे. तहसीलने पुसलीच पाहिजे असे नाही. सर्वांत अधिक माहिती ज्याच्याकडे, त्यालाच ही सूट, हा न्याय अजब आहे. माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी त्याच कायद्याने राज्यसंस्थेवरही ठेवली आहे आणि तीत कसूर झाल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. न पुसलेली डिस्क लिलावात जाणे हा त्या जबाबदारीचा भंग आहे, एवढे तरी स्पष्ट मानले गेले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम शिसे आणि पारा यांच्या विषाची काळजी घेतात, डिस्कवरील माहिती हा त्यांचा विषय नव्हे.

जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा जिल्हा परिषदेला यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात चार रकाने वाढविले तरी पुष्कळ साधेल: डिस्कचा क्रमांक, तिच्यावरील अभिलेख कोठे हलविला, ती कोणत्या रीतीने पुसली, आणि ज्याने पुसली त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी ती तपासली. दोन सह्या झाल्या की कारकुनाची कैदेची भीतीही जाते, कारण पुसणे हे आता त्याचे एकट्याचे धाडस राहत नाही. शंका असेल तेथे डिस्क काढून घेऊन उरलेला डबा लिलावात द्यावा. भंगाराच्या किमतीत त्याने नाममात्र फरक पडेल. सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणावर हा भार टाकताना मात्र विचार केला पाहिजे. प्रत्येक अर्जामागे तुटपुंजे शुल्क घेणाऱ्या या तरुणाला डिस्क पुसण्याचे प्रशिक्षण आणि साधन कोणी देणार नसेल, तर परवान्याच्या अटींत आणखी एक कलम घालून काही होणार नाही. तो आपला जुना संगणक बाजारच्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे देईल आणि नव्यासाठी किमतीत काय सूट मिळते ते विचारील.