मनोविकारांचा इलाज : लेखांक सातवा
वृद्धांचे नैराश्य आणि विजेचा उपचार

मागील लेखांकात नैराश्यावरील गोळ्यांचा विचार करताना, त्या ज्यांना लागू पडत नाहीत, किंवा लागू पडेपर्यंत ज्यांचा देह तग धरील असा भरवसा नसतो, असे काही रोगी उरतात एवढे सांगून आपण थांबलो होतो.

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावात सत्तरी ओलांडलेला एखादा गृहस्थ, जो काल-परवापर्यंत पहाटे उठून गुरांचे वैरणपाणी पाहत होता, तो अन्नावरची वासना उडून भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, हाकेला ओ देईनासा झाला, आणि क्वचित बोललाच तर ‘माझी आतडी सुकली, माझ्या पापाने घर बुडाले’ असे पुटपुटू लागला, म्हणजे घरची माणसे प्रथम वयाला बोल लावतात, मग भगताचा उंबरठा झिजवतात, आणि शेवटी डॉक्टरांच्या तोंडून ‘शॉक’ हा शब्द ऐकला की येरवडा आणि ठाणे येथील मनोरुग्णालये आठवून रोग्याला गाडीत घालून परत आणतात.

ही भीती अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. अपस्मारासारखा झटका आणल्याने काही मनोविकार ओसरतात, या कल्पनेने बुडापेस्टच्या मेदुना यांनी 1934 साली रोग्यांना जो पदार्थ टोचला, तो आपल्या आरतीच्या तबकातला कापूर होता. पुढे एप्रिल 1938 मध्ये रोम येथे चेर्लेत्ती आणि बिनी यांनी त्याच कामी विजेचा उपयोग केला. त्या काळी रोगी शुद्धीवर असतानाच प्रवाह सोडीत, सर्वांग आवळून येई, आणि त्या ओढीने कधी मणके तर कधी मांडीचे हाड मोडे. भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे पुढे उपलब्ध झाली, तरी ती न देता झटके देण्याची वहिवाट आपल्या देशात अनेक ठिकाणी चालूच राहिली. या वहिवाटीविरुद्ध 2001 साली ‘सार्थक’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका गुदरली, पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांच्यासारख्यांनी या उपचाराविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला, आणि अखेर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 याच्या कलम 95 ने भूल व स्नायुशिथिलक यांवाचून हा उपचार करण्यास साफ मज्जाव केला. हा कायदा 29 मे 2018 पासून अंमलात आहे. तातडीचा इलाज म्हणूनही हा उपचार करण्याची मुभा त्यात नाही.

आज ज्याला ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी) म्हणतात तो प्रकार पाहणाराची बहुधा निराशाच करतो. रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या रोग्याची कवळी काढून ठेवतात, शिरेतून भूल देतात, स्नायू सैल करणारे औषध व प्राणवायू देतात, आणि मग काही सेकंद प्रवाह सोडतात. मेंदूत झटका साधारण अर्धा-एक मिनिट चालतो. घोट्यावर पट्टा आवळून एका पावलापुरते ते स्नायू सैल करणारे औषध अडविलेले असते, म्हणून ते पाऊल तेवढे थरथरते. आठवड्यातून दोन-तीन वेळा याप्रमाणे सामान्यतः सहा ते बारा वेळा हे करावे लागते.

वय झाले म्हणून हा उपचार वर्ज्य, ही समजूत तर उलटीच आहे. हृदय, रक्तदाब, हाडे यांची तपासणी कसून करावी लागते, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असल्यास धोका वाढतो, हे खरे. परंतु अमेरिकेत साठ वर्षांवरील 240 रोग्यांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषधाच्या जोडीने हा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 62 टक्के रोगी लक्षणमुक्त झाले. अन्नपाणी सोडलेल्या, भ्रमाने ग्रासलेल्या वृद्धाच्या बाबतीत तर याइतका शीघ्र गुण देणारा दुसरा इलाज क्वचितच सापडतो.

याचे मोल स्मृतीने चुकवावे लागते, आणि ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. उपचाराच्या आसपासच्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात. बहुतेकांची स्मरणशक्ती काही आठवड्यांत पूर्वपदावर येते, तरी काहींच्या जुन्या आठवणींत कायमची छिद्रे राहतात. शिवाय गुण आला म्हणून पुढील औषध बंद केल्यास रोग उलटतो : 2001 सालच्या एका अभ्यासात नुसत्या खोट्या गोळीवर ठेवलेल्यांपैकी 84 टक्के रोगी सहा महिन्यांच्या आत पुन्हा आजारी पडले.

धानोऱ्याच्या कुटुंबाला खरी अडचण पडते ती येथेच. धुळे गाठा, नाही तर तापी रेल्वेने सुरत, आठवड्यातून दोन-तीनदा म्हाताऱ्या माणसाची ने-आण करणे म्हणजे घरातल्या एका कमावत्याची मजुरी महिनाभर बुडविणे. आणि नंतरची महिनोन्‌महिन्यांची औषधे ती निराळीच. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, भूलतज्ज्ञासह, उपलब्ध असणे ही सरकारची जबाबदारी आहे.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, की ‘शॉक’ शब्द ऐकताच उठून येऊ नये आणि समोर आलेल्या कागदावर मुकाट्याने अंगठाही उठवू नये. भूल कोण देणार, किती वेळा उपचार होणार, स्मृतीवर काय परिणाम संभवतो आणि नंतर कोणते औषध चालवायचे, हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारावेत. आणि त्यांची उत्तरे त्या वृद्धाला त्याच्या स्वतःच्या बोलीत, अहिराणीत म्हणा की भिलीत, समजावून मगच त्याची संमती घ्यावी. प्रथम सल्ला हवा असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेच्या 14416 क्रमांकावर तो विनामूल्य मिळतो.