पदवीची कसोटी कोर्ट बीटवर

पत्रकारितेची पदवी जोखायची कशावरून? नॅकची श्रेणी, शिक्षकांची संख्या, स्टुडिओतले कॅमेरे हे सगळे मोजता येते. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमापुढे मात्र गावानेच याहून कडक परीक्षा ठेवली आहे.

विद्यापीठ १९५६चे. त्याच वर्षी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्टाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. आदेश इंग्रजीत निघतात, वाचक हिंदीत वाचतो. इथल्या वार्ताहराचे निम्मे कसब या दोहोंच्या मधल्या तासा-दोन तासांत लागते.

एकच खटला घ्या. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटकेत असलेले शिवकांत शुक्ल यांनी इथल्या हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. अर्ज ऐकता येईल, असे हायकोर्ट म्हणाले. सरकार सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ एप्रिल १९७६ला चार विरुद्ध एक मतांनी निकाल फिरला. विरोधातले ते एक मत न्या. एच. आर. खन्ना यांचे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते बहुमत चुकीचे ठरवले. सरकारच्या बाजूने अपील जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे एडीएमच्या नावाने होते, म्हणून वकील आजही या खटल्याला ‘एडीएम जबलपूर’च म्हणतात. विद्यार्थ्याला या निकालावर चारशे शब्दांची बातमी लिहायला सांगावी. आणीबाणीतल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्क रद्द झाले नव्हते, त्यांच्यासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली होती. हा फरक ज्याच्या इंट्रोत नीट उतरला, तो तयार झाला.

ही तयारी इथे नवी नाही. मराठी घरातले माधवराव सप्रे काही काळ जबलपुरात शिकले. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाखाली अटक ओढवून घेतली. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. १९२० साली जबलपुरातून ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागेही सप्रेच होते. संपादक माखनलाल चतुर्वेदी मूळचे शाळामास्तर. दोघांनाही पत्रकारितेची पदवी नव्हती, पण दुसऱ्याचा मजकूर नेमका वाचून आपल्या भाषेत चोख मांडणे त्यांना येत होते. अभ्यासक्रमाने निदान तेवढे शिकवलेच पाहिजे. कॅमेरा नंतर येतो.

प्रवेश घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी फी भरण्याआधी विभागात जावे, मागच्या तुकडीच्या छापून आलेल्या बातम्या पाहायला मागाव्यात आणि त्यांतली एक तरी मूळ आदेशाशी ताडून पाहावी.