कोलोरॅडो नदी आणि तिच्यावरील माहितीपट

रॉकी पर्वतातील बर्फावर पोसली जाणारी कोलोरॅडो नदी अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंट ओलांडून मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. सुमारे २,३३० किलोमीटर लांबीच्या या नदीच्या पाण्यावर आज सुमारे ४ कोटी लोक अवलंबून आहेत. १९२२ साली सांता फे येथे झालेल्या करारात सात राज्यांच्या दोन गटांना दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३२७ टीएमसी पाणी वाटून देण्यात आले (एक एकर जमिनीवर एक फूट उंचीने उभे राहील तेवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट), आणि १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट मिळाले. ज्या काळातील मोजमापांवर हा हिशेब बेतला होता तो असाधारण पावसाचा होता, त्यामुळे नदीत जेवढे पाणी सरासरीने येते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले. शिवाय खोऱ्यातील आदिवासी जमातींना त्या वाटाघाटींत स्थानच नव्हते.

या नदीशी चलच्चित्राचे नाते कराराहूनही जुने आहे. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या बंधूंनी १९११ च्या सप्टेंबरात वायोमिंगमधून होड्या सोडल्या, ग्रँड कॅनियनचा खळाळ पार करताना हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याने चित्रण केले, आणि तो चित्रपट १९१५ पासून १९७६ पर्यंत दरीच्या काठावरील त्यांच्या स्टुडिओत प्रवाशांना दाखवला जात राहिला. मात्र चित्रण हे संवर्धनाचे हत्यार बनले ते १९५० च्या दशकात. ग्रीन या कोलोरॅडोच्या मोठ्या उपनदीवर, डायनॉसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत, इको पार्क नावाचे धरण बांधण्याचा सरकारचा बेत होता. त्याविरुद्ध सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने चार्ल्स एगर्ट यांचा ‘वाइल्डरनेस रिव्हर ट्रेल’ हा लघुपट गावोगाव दाखवला. जी दरी फारच थोड्यांनी पाहिली होती ती घरबसल्या लोकांना दिसली, आणि १९५६ च्या कायद्यातून इको पार्क धरण वगळण्यात आले.

त्याच कायद्याने ग्लेन कॅनियन धरणाला मात्र मंजुरी मिळाली. सिएरा क्लबचे कार्यकारी संचालक डेव्हिड ब्रॉवर यांनी या तडजोडीस विरोध केला नाही, कारण ग्लेन कॅनियन त्यांनी तोवर पाहिलेच नव्हते. पुढे त्याची खंत त्यांना जन्मभर राहिली. १९६३ च्या मार्चमध्ये धरणाचे दरवाजे मिटले आणि लाल वालुकाश्मातील शेकडो अरुंद उपदऱ्या लेक पॉवेल या जलाशयाखाली बुडू लागल्या. ‘कॅडिलॅक डेझर्ट’ या १९९७ च्या दूरदर्शन मालिकेच्या ‘अ‍ॅन अमेरिकन नाइल’ या भागात हा इतिहास सविस्तर येतो. ‘डॅमनेशन’ या २०१४ च्या माहितीपटात नव्वदी ओलांडलेल्या लोकगायिका केटी ली त्या दऱ्यांतील आपले दिवस सांगतात, तेव्हा पडद्यावर त्यांच्या तरुणपणची जुनी छायाचित्रे येतात. काय गमावले हे कोणत्याही आकडेवारीपेक्षा ती छायाचित्रे अधिक स्पष्टपणे दाखवतात.

नदीचे मुख मात्र कित्येक दशके कोणाच्याच नजरेत नव्हते. १९६० च्या दशकापासून कोलोरॅडो समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते, आणि एकेकाळी पाणथळींनी भरलेला तिचा त्रिभुज प्रदेश बहुतांशी कोरडा पडला आहे. छायाचित्रकार पीट मॅकब्राइड यांनी ‘चेसिंग वॉटर’ (२०११) या अवघ्या अठरा मिनिटांच्या लघुपटात आपल्या घरच्या गवताच्या शेताला दिलेले पाणी पुढे कुठवर जाते, या साध्या प्रश्नाचा माग काढला. मेक्सिकोत पोहोचल्यावर त्यांना फेसाळ, साचलेले पाणी लागले आणि तेथून पुढे कोरड्या पात्रातून पायी चालावे लागले. त्यानंतर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी जुन्या तहाला एक पुरवणी जोडली, आणि तिच्या आधारे २३ मार्च २०१४ पासून आठ आठवडे मोरेलोस बंधाऱ्यातून सुमारे १ लाख ५ हजार एकर-फूट, म्हणजे जेमतेम साडेचार टीएमसी पाणी केवळ नदीसाठी सोडण्यात आले. वसंतात कॉटनवूड आणि विलो या झाडांचे बी ओल्या काठावर रुजते, म्हणून वेळ तीच निवडली होती. सान लुइस रिओ कोलोरॅडो या गावाच्या नावातच नदी आहे, पण गावातील अनेक मुलांनी ती वाहताना कधी पाहिली नव्हती. ती मुले पात्रात उतरली, आणि मे महिन्याच्या मध्यास पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन मिळाले. मॅकब्राइड यांचा ‘डेल्टा डॉन’ हा लघुपट याच पाण्याचा आहे.

हे चित्रपट सुंदर आहेत आणि त्यांनी मोलाचे काम केले आहे, तरीही त्यांची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. नदीच्या टंचाईची कहाणी सांगताना लास व्हेगासची कारंजी हटकून दाखवली जातात. प्रत्यक्षात संपूर्ण नेवाडा राज्याचा वाटा ३ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १३ टीएमसी एवढाच आहे, आणि त्या शहरातील घरांतून वाहून जाणारे बहुतेक सांडपाणी शुद्ध करून लेक मीड जलाशयात परत सोडले जाते. याउलट दक्षिण कॅलिफोर्नियातील इम्पीरियल सिंचन क्षेत्राचा एकट्याचा हक्क ३१ लाख एकर-फुटांचा, म्हणजे सुमारे १३५ टीएमसींचा आहे. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला लसूणघास म्हणतात, ते अल्फाल्फा तेथील एक प्रमुख पीक आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या नदीच्या पाण्याच्या थेट मानवी वापरापैकी जवळजवळ निम्मा वापर जनावरांच्या चाऱ्यासाठी होतो. हिरव्या सपाट शेताला दरीसारखे रूप नसते, पाटाच्या पाण्याला धबधब्यासारखा आवाज नसतो, त्यामुळे कॅमेरा तेथे फारसा रेंगाळत नाही.

टंचाईच्या काळात जलाशय कसे चालवावेत याचे २००७ साली ठरलेले नियम २०२६ अखेर संपत आहेत, आणि नव्या वाटणीत सर्वाधिक पाणी जर कोठून वाचू शकणार असेल तर ते या शेतांतूनच. म्हणून कोलोरॅडोवरील पुढच्या माहितीपटकारांनी ग्रँड कॅनियनच्या कड्यावरून खाली उतरून इम्पीरियल खोऱ्यातील बांधावर जावे आणि तेथील शेतकऱ्याशी बोलावे.